टोपलीतली मुशी नेमकी कोणती?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सगळ्याच छोट्या शार्कना ‘मुशी’ म्हणतात. मी मात्र आधी नाकाड बघते. ते वरून फावड्यासारखं चपटं, रुंद असेल आणि डोळे बारीक असतील, तर पाठीवरचा दुसरा, इवलासा पर तपासा. तो पोटाखालच्या गुदपराच्या (गुदद्वारामागच्या पराच्या) बराच मागे सुरू होत असेल तर ही मुशी म्हणजे शास्त्रीय नावाने स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, १८३८ साली जर्मन शास्त्रज्ञ म्युलर आणि हेन्ले यांनी नाव दिलेली. छातीचे पर आखूड आणि रुंद. जुन्या याद्यांत पूर्व आशियातली मुशीही याच जातीत धरलेली दिसेल. ती आता स्कोलिओडॉन मॅक्रोरिंकॉस म्हणून वेगळी जात मोजतात.

मग लांबी मोजा, शेपटीच्या टोकापर्यंत. मादी साधारण ३५ सेंटिमीटरला वयात येते. त्याहून लहान दिसली की माझा जीव तुटतो. एकदा मावशीने मुशी चिरली, तर आत बोटाएवढी पिल्लं, प्रत्येकाला नाळ! ही अंडी घालत नाही हो, पिल्लं पोटात वाढवते.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही स्कोलिओडॉन लॅटिकॉडस ‘निअर थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून पकडलेल्या माशांच्या नोंदीत नुसतं ‘मुशी’ लिहू नका. जात, लांबी, नर की मादी, तारीख आणि जाळ्याचा प्रकार लिहाच.