हातवाऱ्यांवर चालणारी मोटर: प्रदर्शनाआधीची तयारी

लॅपटॉपवरचा पायथॉन प्रोग्रॅम कॅमेऱ्यातून हातवारे ओळखतो आणि यूएसबी केबलमधून आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला कमांड पाठवतो, बोर्ड मोटर फिरवतो. कॅमेऱ्यासमोर मूठ उघडली की मोटर फिरते आणि दुसऱ्याच क्षणी सिरियल पोर्ट, म्हणजे लॅपटॉप ज्यावरून बोर्डाशी बोलतो तो दुवा, गायब होतो. अशा वेळी बहुतेक मुलं पायथॉनचा कोड उसकटत बसतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, सुरुवात विजेपासून करा. आणि कॉलेजचं प्रदर्शन आठवड्यावर असतानाच करा, कारण सुट्या भागांसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची एक फेरी बहुधा होतेच, आणि रविवारी तिथली बरीचशी दुकानं बंद असतात.

सगळ्यात आधी मोटरच्या दोन्ही वायरी ड्रायव्हरमधून, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणाऱ्या सर्किटमधून, काढा आणि तशीच अर्धा तास हातवारे करून कनेक्शन टिकतंय का बघा. टिकलं, तर कोडला हात लावू नका. दोष मोटरच्या बाजूला आहे. तरीही तुटलं, तर केबल, पोर्ट किंवा प्रोग्रॅम.

मोटरची वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून घेत असाल तर ते आजच बंद करा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअरपर्यंतच्या हिशेबाने बनलेला असतो. पिवळी बीओ मोटर (खेळण्यातल्या गाड्यांना असते ती गिअरची छोटी मोटर) एरवी कमी करंट घेत असली, तरी सुरू होताना किंवा अडकल्यावर कितीतरी पट जास्त ओढते. व्होल्टेज खाली बसतं, आर्डुइनो रिसेट होतो, कधी बोर्डावरच्या यूएसबी चिपचा लॅपटॉपशी संपर्कच तुटतो. मोटरला वेगळा सप्लाय द्या. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी नको, तिला एवढा करंट झेपत नाही. दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम सेल) घ्या. एल२९८एन हा नेहमीचा ड्रायव्हर स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो, तेही धरून चाला. आणि सप्लाय वेगळा केला तरी सगळ्यांचा ग्राउंड, म्हणजे मायनसची वायर, एकच हवा. ही एक वायर राहिली की सिग्नलला काही अर्थच उरत नाही.

आता ठिणग्यांचा गोंधळ. मोटरच्या आत ब्रश घासतात, त्यातून निघणारा नॉइज वायरींतून थेट बोर्डापर्यंत पोचतो. त्यावर उपाय म्हणून १०४ असं छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर मोटरच्या, वायरी जोडतात त्या दोन पत्र्यांवरच सोल्डर करा. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पट्टीवर) लांब लावून तेवढा उपयोग होत नाही. पत्रा ब्लेडने खरवडा, आधी त्यावर थोडं सोल्डर चढवा, मग कपॅसिटरचा पाय टेकवा आणि सोल्डरिंग गन लगेच उचला. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलीत तर मागचं प्लास्टिक वितळून पत्रा हलायला लागतो. ड्रायव्हरऐवजी नुसता ट्रान्झिस्टर वापरत असाल, तर मोटरवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टा प्लसकडे. यूएसबी केबल मोटरच्या वायरींना गुंडाळू नका.

केबलही तपासा. काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं, डेटा जातच नाही. आखूड आणि जाड केबल घ्या. मुंबईच्या दमट हवेत जुन्या ब्रेडबोर्डच्या क्लिपा आणि जंपर वायरींची टोकं काळवंडतात, म्हणून प्रोग्रॅम चालू ठेवून एकेक वायर बोटाने हलकेच हलवून बघा. प्रदर्शनासाठी महत्त्वाचे जोड सोल्डर केलेलेच बरे.

प्रोग्रॅमची तयारी त्यानंतर. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधली सिरियल मॉनिटरची खिडकी बंद असू दे, एक पोर्ट दोघांना मिळत नाही. पोर्ट उघडला की उनो रिसेट होतो, म्हणून पहिली कमांड २ सेकंद थांबून पाठवा. बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, दोन्हीकडे सारखा ठेवा. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो, म्हणून ३० कमांड पाठवायच्या नसतात. उनोचा सिरियल बफर, म्हणजे आलेला डेटा साठवायची जागा, ६४ बाइटचा आहे आणि स्केचमध्ये (बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) डिले, म्हणजे थांबे, असले की तो भरून पुढचे बाइट वाया जातात. इशारा बदलला की लगेच पाठवा, एरवी तीच कमांड सेकंदाला चार-पाच वेळा पुरे. मग स्केचमध्ये एक अट घालता येते: अर्धा सेकंद काहीच आलं नाही, तर मोटर थांबव. ही अट टाळू नका. कनेक्शन तुटल्यावर मोटर फिरतच राहिली, तर समोर उभ्या असलेल्या लहान मुलाचं बोट सापडू शकतं.

पोर्टचा नंबर कोडमध्ये पक्का लिहू नका. तुटून परत जोडताना तो बदलू शकतो. एरर आली की पोर्ट बंद करून, यादीतून शोधून पुन्हा उघडणारा भाग लिहा आणि मोटर फिरत असताना केबल मुद्दाम उपटून तो चालतो का बघा.

लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवणारा पर्याय बंद करा. बॅगेत जादा केबल, चार्ज केलेले सेल आणि आधीच कपॅसिटर लावलेली दुसरी मोटर ठेवा.