एक्स्टर्नल हार्ड डिस्क फॉरमॅट करताय? फाइल सिस्टिमच्या या चुका टाळा

फॉरमॅटची विंडो उघडली की ‘फाइल सिस्टिम’समोर (म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायच्या पद्धतीसमोर) जे आधीच निवडलेलं असतं, तेच ठेवून बहुतेक जण स्टार्ट दाबतात. पुढे कधीतरी तीच डिस्क मॅकला लावली की फाइल्स दिसतात, उघडतात, पण नवीन एकही टाकता येत नाही. डिस्कला काहीही झालेलं नसतं. ती एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये आहे आणि मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही. तेव्हा डिस्क कशाकशाला लावणार, हे आधी ठरवा.

विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरवायची असेल तर एक्सफॅट ही फाइल सिस्टिम निवडा. नव्या लिनक्सवरही ते चालतं. पण ‘सगळीकडे चालतं ना’ म्हणून फक्त विंडोजला लागणारी डिस्कही एक्सफॅट करून ठेवणं मला पटत नाही. एनटीएफएस आपल्या रचनेतल्या बदलांची नोंद, म्हणजे जर्नल, ठेवतं. कॉपी चालू असताना केबल निघाली तर ती एक फाइल अर्धवट राहील, पण बाकीचे फोल्डर सहसा सावरतात. एक्सफॅटला जर्नलच नाही. इजेक्ट न करता केबल ओढायची सवय असेल (आणि ती कोणाला नसते?) तर बॅकअपची एकुलती एक डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवू नका.

दुसरी गोम क्लस्टरची, म्हणजे डिस्कवरची जागा ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटली जाते त्यांची. ३२ जीबीच्या वरची डिस्क एक्सफॅट केली की विंडोज ‘अलोकेशन युनिट साइज’, म्हणजे एका क्लस्टरचा आकार, आपणहून १२८ केबी धरतं. म्हणजे २ केबीची फाइलसुद्धा १२८ केबी जागा अडवते. अशा एक लाख फाइल्स टाकल्या तर डेटा जेमतेम २०० एमबी, आणि डिस्कवरून गायब होतात १२ जीबी! फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ हे आकडे शेजारी शेजारी बघा, लगेच कळेल. व्हिडिओ ठेवणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. कोड किंवा बारीकसारीक फाइल्स असतील तर एनटीएफएस घ्या, तिथे हेच युनिट साधारण ४ केबीचं असतं. नाहीतर सगळं झिप करून टाका.

भरपूर जागा रिकामी असूनही ‘फाइल खूप मोठी आहे’ असं येतंय? डिस्क फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये आहे, तिथे एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. विंडोजच्या कन्व्हर्ट कमांडने डेटा न पुसता फॅट३२चं एनटीएफएस करता येतं, तरी आधी कॉपी काढाच. एक्सफॅटचं एनटीएफएस करायला मात्र ही सोय नाही. जुन्या टीव्हीसाठी फॅट३२ लागत असेल तर एखादा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, अख्खी डिस्क त्यापायी अडकवू नका.

फक्त मॅकसाठी असेल तर एसएसडीवर (आत फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर) एपीएफएस ही ॲपलची फाइल सिस्टिम. आणि २ टीबीहून मोठी डिस्क असेल तर पार्टिशन स्टाइल (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत) जीपीटी हवी, जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या वरची जागा सहसा वापरताच येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र एका क्लिकची आहे. मॅकची डिस्क विंडोजला लावली की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं येऊ शकतं. डेटा जागेवरच असतो, विंडोजला तो वाचता येत नाही इतकंच. कॅन्सल करा. चुकून फॉरमॅट झालंच तर डिस्कवर पुढे काहीही लिहू नका, लगेच काढून ठेवा. आत तबकडी फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बराच डेटा परत मिळू शकतो. ‘क्विक’ची टिक काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर आशा सोडा, कारण व्हिस्टापासून विंडोज त्यात सगळीकडे शून्यं लिहितं.