धाग्याचा पीळ आणि ताण: फोटोत, शिलाईत आणि घरात या चुका टाळा

सोलापुरात धागा कुणाला नवा नाही. पूर्व भागातल्या गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो. विडी वळणाऱ्या बायकांच्या सुपात पानांशेजारी दोऱ्याचं रीळ असतंच. घरोघरी शिलाई मशीन आहे आणि आता मोबाइलवर चादरी-टॉवेलचे फोटो टाकून विकणारेही खूप झालेत. तरी धाग्याच्या बाबतीत त्याच त्या चुका सगळीकडे दिसतात. फोटोत चादर सपाट, प्लास्टिकसारखी दिसते. मशीनखाली दोऱ्याचा गुंता होतो. नवा टॉवेल चार धुण्यांत पाणी टिपेनासा होतो.

या बहुतेक गोष्टींच्या मुळाशी धाग्याचा पीळ नाहीतर ताण असतो. तेवढं लक्षात ठेवलं की चूक कुठे झाली ते पटकन सापडतं.

फोटो: समोरून फ्लॅश मारू नका

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. सुताला पीळ असतो, म्हणजे त्याच्या अंगावर बारीक चढउतार असतात. प्रकाश कॅमेऱ्याच्याच दिशेने पडला, तर त्या चढउतारांची सावली कॅमेऱ्याला दिसतच नाही. उरतो तो नुसता रंग. विणकराने घातलेली वीण, उठाव, जाडी सगळं वाया जातं.

फ्लॅश बंद करा. चादर खिडकीशेजारी किंवा दाराच्या उजेडात अंथरा आणि प्रकाश कडेने, अगदी कापडाला घासून जाईल असा येऊ द्या. आता कापड हळूहळू फिरवा आणि मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहा. एका कोनात उभे धागे उठून दिसतील, दुसऱ्या कोनात आडवे. धागा प्रकाशाला काटकोनात आला की त्याचा पीळ स्पष्ट दिसतो आणि प्रकाशाच्याच दिशेत पडला की बुजतो. जॅकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी घातलेल्या, चादरीचा एक कोपरा उलटून ठेवायला विसरू नका. पाठीमागे नक्षीचे रंग अदलाबदल झालेले दिसतात आणि घेणाऱ्याला विणीची खात्री तिथेच पटते.

एकट्या धाग्याचा फोटो काढताना फोकस हटकून मागच्या भिंतीवर जातो, कारण कॅमेऱ्याला पकडायला तेवढा बारीक धागा पुरत नाही. धाग्याला लागून पुठ्ठ्याचा तुकडा धरा, पडद्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, मग पुठ्ठा काढा आणि फोटो घ्या. मोबाइल फार जवळ नेऊ नका. हाताची सावली पडते आणि बरेच फोन आपणहून रुंद लेन्सवर उडी मारतात. थोडं मागे सरकून दोनपट झूम केलेलं बरं.

मागून प्रकाश दिला, तर सुतावरची बारीक लव चमकते. काळ्या पुठ्ठ्यासमोर ती फार सुंदर दिसते. पण विक्रीच्या फोटोला हाच प्रकाश दिलात तर माल तुसं सुटलेला वाटेल. कशासाठी फोटो काढतोय ते आधी ठरवा.

लाल रंग फाटतो, बारीक विणीवर लाटा येतात

गडद लाल किंवा मरून चादरीच्या फोटोत नक्षी नाहीशी होऊन नुसता लाल ठिपका उरतो, ही तक्रार फार ऐकू येते. फोटो एकूण नीट उजळ वाटतो, पण लाल रंगाची नोंद मर्यादेबाहेर गेलेली असते. उपाय सोपा आहे. फोटो घेतानाच उजेड थोडा कमी करा आणि नंतर लागेल तेवढा वाढवा. रंग गडद करणारा फिल्टर तर लावूच नका. पार्सल उघडल्यावर ग्राहकाला वेगळा रंग दिसला की माल परत येतो. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र घेऊ नका, दोन्हींचे रंग वेगळे असतात आणि पांढरं सूत अर्धं निळं, अर्धं पिवळं पडतं.

बारीक, एकसारख्या विणीवर कधीकधी इंद्रधनुषी लाटा दिसतात. कापडात दोष नसतो. विणीची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आली की असं होतं. आधी फोटो पूर्ण मोठा करून पाहा. तिथे लाटा नसतील, तर त्या फक्त पडद्यावर लहान करताना आलेल्या आहेत. असतील, तर पाऊलभर पुढे-मागे व्हा किंवा कोन थोडा बदला.

मागाच्या शेडमध्ये

कॅमेऱ्याचा पट्टा, ओढणी, मोकळे केस आवरल्याशिवाय चालू मागाजवळ जाऊ नका. लेन्स आत बदलू नका. कापसाची धूळ हवेत तरंगत असते आणि ती सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक फोटोत ठिपका येतो. मालकाला आणि कारागिराला विचारा. नवीन डिझाइन मागावर असेल तर त्याचा जवळून फोटो नेणं म्हणजे त्यांच्या कष्टाची नक्कल दुसऱ्याच्या हातात देणं.

ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवला की पट्टे जातात. पण धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा, त्या वेगाला धूसरच येणार. तो गोठवायचा असेल तर दाराच्या उजेडातला माग निवडा आणि शटर 1/1000 च्या आसपास न्या. ट्रायपॉडवर फार विसंबू नका, मागांमुळे जमीनच थरथरत असते.

माझ्या मते चालत्या धोट्यापेक्षा थांबलेल्या मागाचा फोटो जास्त बोलतो. उभा धागा तुटला की कारागीर माग थांबवतो. तुटलेलं टोक हजारो टोकांतून शोधतो, दोन बोटांत मळून त्याला पीळ देतो, गाठ मारतो, फणीतून ओवून घेतो आणि नखाने ताण तपासतो. हे सगळं काही क्षणांत होतं. कॅमेरा तयार ठेवा, मात्र त्याला पुन्हा करून दाखवायला सांगू नका. त्याचं काम नगावर असतं, मिनिट मिनिट मोलाचं असतं.

मशीनखाली गुंता झाला की बॉबिनचा स्क्रू पिळू नका

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की लोक खालचा दोरा, म्हणजे बॉबिन, दोषी धरतात. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. वरच्या दोऱ्याला ताणच नसतो, म्हणून तो खाली ओढला जाऊन गोळा होतो. कारण बरेचदा असं: मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली टेकवलेला असताना दोरा ओवला. फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे शिरतच नाही, वरून सरकतो.

दोरा पूर्ण काढा. फूट वर करा. पुन्हा पहिल्यापासून ओवा. वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेला का ते पाहा, तो निसटला तरी हाच गुंता होतो. मग सुई पाहा. सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खाच असते. दोरा त्याच बाजूने भोकात जायला हवा. शिवताना तो त्या खाचेत बसून सुरक्षित खाली उतरतो. सुई उलटी बसली असेल तर टाके सुटतात नाहीतर दोरा सोलला जाऊन तुटतो.

हे सगळं ठीक असेल, तरच बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, तपासा. दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लटकवा आणि हलका झटका द्या. केस थोडी सरकून थांबली तर ताण बरोबर. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचाच झाला तर अगदी थोडा, आणि आधी तो कुठे होता याची खूण करून.

सुईचा नंबर कापडाप्रमाणे बदला. बारीक सुती कापडाला 11 किंवा 12, साध्याला 14, चादरीच्या जाड काठाला 16. जाड कापडावर बारीक सुई लावली की दोरा तुटत राहतो आणि आपण उगाच दोऱ्याला शिव्या देतो.

हातशिलाई आणि सोलापूरचा उन्हाळा

दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका. प्रत्येक टाक्यागणिक सुई बोटांत थोडी फिरते, पीळ वाढत जातो आणि दोरा स्वतःभोवतीच गाठ घेतो. तसं दिसलं की सुई हातातून सोडून लोंबकळू द्या. ती गरागरा फिरून जादा पीळ उलगडते. रिळावरून आधी सुटलेलं टोक सुईत ओवा आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा, दोरा कमी विस्कटतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात सुती दोरा जास्त तुटतो. कापसाचं सूत ओलसर असताना अधिक मजबूत असतं, कोरडं पडलं की त्याचा जोर कमी होतो. म्हणून रिळं खिडकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका, झाकण असलेल्या डब्यात ठेवा. खूप जुना दोरा असेल तर हातभर तोडून दोन्ही हातांनी झटका द्या. सहज तुटला तर कच्च्या टाक्यालाही वापरू नका.

सूत विकत घेताना नंबराचा घोळही नेहमीचा. नंबर वाढला की सूत बारीक होतं. एका पौंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, 840 यार्डांच्या जेवढ्या लडी बसतात, तेवढा त्याचा नंबर. म्हणजे 20 नंबरचं सूत एका पौंडात सुमारे 15 किलोमीटर भरतं. जाड सुतळीसारखं विणकाम करायचं आणि 40 नंबर आणायचं, असं नको.

टॉवेल आणि चादर

टॉवेलचा फेर, म्हणजे त्यावरचा धाग्याचा छोटा वेढा, सुटून लांब आला की ओढू नका. ओढलात तर शेजारचे फेरही निघतात. कात्रीने बुडाशी कापा, टॉवेलचा पाया वेगळ्या ताण्यावर, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांवर, विणलेला असतो, त्याला धक्का लागत नाही. टॉवेल मऊ राहावा म्हणून सॉफ्टनर ओतला तर तंतूंवर थर बसतो आणि पाणी टिपणं कमी होतं. साबण कमी घाला, भरपूर पाण्यात खळबळा आणि वाळवण्यापूर्वी दोन झटके मारा, फेर उभे राहतात.

नवी रंगीत चादर पहिल्यांदा वेगळी, थंड पाण्यात धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होईल असं अजूनही सांगितलं जातं. रंग चढवताना मीठ उपयोगी पडतं, पण सुटणारा रंग घरी मिठाने थांबत नाही. दुसऱ्या धुण्यातही पाणी गडद निघालं तर चादर घेऊन सरळ दुकानदाराकडे जा, आणि सोबत त्या पाण्याचा, खिडकीच्या उजेडात काढलेला फोटोही न्या.