शटर अर्धं ओढा: कंटेनर बंद करण्याआधीची तयारी

इंदूरच्या सराफ्यात रात्री जरा लवकर पोचलात तर खाणं मांडलेलं नसतं, पण बघण्यासारखं काहीतरी असतं. सोन्याचांदीच्या पेढ्या बंद होण्याच्या बेतात असतात आणि भुट्ट्याचा कीस, दहीवडे विकणारी मंडळी सामान घेऊन ओट्याशी खोळंबलेली असतात. पेढीवाला अर्धं शटर ओढतो. नवं गिऱ्हाईक आत येत नाही, पण आत बसलेल्या बाईंच्या पाटल्यांचं वजन होतं, बिल होतं, तिजोरीला किल्ली लागते आणि मग शटर पूर्ण खाली येतं. आमची टीम राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर बसते, आठवड्यातून दोनदा सराफ्यात जाते, आणि तरी आम्ही वर्षभर कंटेनर (साइटचा प्रोग्रॅम त्याच्या सामानासकट ज्यात चालतो तो डबा) बंद करत होतो ते बाईंना पाटल्यांसकट रस्त्यावर काढल्यासारखे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एका नमकीनवाल्यांच्या ऑर्डरच्या साइटवर आम्ही छोटीशी दुरुस्ती चढवली. जुना कंटेनर गेला, नवा आला, पान उघडत होतं, आम्ही चहाला खाली उतरलो. वर येईपर्यंत मालकांचा फोन: "पैसे कट गए, ऑर्डर दिख नहीं रहा." असे चार-पाच जण निघाले. पैसे घेतले गेले होते, पण ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिण्याआधी कंटेनरचा जीव गेला होता. तेव्हापासून सणासुदीच्या आधी मी ही यादी काढून बसते. चालू करण्याची तयारी सगळेच करतात, म्हणून यात बंद करण्याचीच जास्त आहे.

सगळ्यात आधी कंटेनरमध्ये पीआयडी १ (पहिली प्रोसेस, म्हणजे पहिला चालू प्रोग्रॅम) कोण आहे ते बघा. डॉकरला (कंटेनर चालवणाऱ्या साधनाला) 'डॉकर स्टॉप' म्हटलं की त्या पहिल्या प्रोसेसला सिगटर्म ('आवर आता' हा सिग्नल) जातो, डॉकर १० सेकंद थांबतो आणि तोवर ती संपली नाही तर सिगकिल (तडक मारणारा सिग्नल) देतो. सिगकिल अडवता येत नाही, ऐकताही येत नाही. डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बनवायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) सीएमडी, म्हणजे काय चालवायचं ती ओळ, साध्या वाक्यासारखा लिहिला असेल तर डॉकर तो शेलमार्फत (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) चालवतो. मग पीआयडी १ शेल होतो, तुमचा प्रोग्रॅम त्याचं पोर, आणि शेल आपल्याला आलेला निरोप पोराला सांगत नाही. चौकोनी कंसातली यादी करून लिहिला तर मधला शेल जातो. सुरुवातीला एखादी स्क्रिप्ट लागतच असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या आधी 'एक्झेक' (शेलच्या जागी तो प्रोग्रॅमच बसवणारी आज्ञा) हवंच. नोडवाल्यांनी (जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम चालवणाऱ्यांनी) मध्ये 'एनपीएम स्टार्ट' न घालता थेट नोड चालवावं.

एवढं करूनही काम अर्धंच होतं. नेहमीच्या प्रोसेसला सिगटर्म मिळाला आणि तिनं त्यासाठी काही लिहिलेलं नसलं तर ती मरते. पीआयडी १ला मात्र लिनक्स कर्नल वेगळं वागवतो: तिनं स्वतः सिग्नल धरला नसेल तर तो तिच्यावर चालतच नाही. आम्ही फसलो ते इथेच. लॅपटॉपवर कंट्रोल-सी दाबलं की पायथन मुकाट बंद व्हायचं, कारण त्या सिग्नलसाठी पायथन आपलं आपण हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावतं. सिगटर्मसाठी लावत नाही. सर्व्हरवर दर वेळी पूर्ण १० सेकंद जायचे आणि आम्ही एकमेकांना सांगायचो, डॉकर जरा आळशीच आहे. एक्झिट कोड कोणी बघितला नव्हता. तो १३७ असायचा, म्हणजे १२८ अधिक ९, सिगकिल. सिगटर्मनं प्रोसेस गेली असती तर १४३ दिसला असता, आणि हँडलर लावून स्वतःहून नीट आवरली असती तर साधा ०. मेमरी संपल्यामुळे मारली गेली तरी १३७च येतो, म्हणून 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये ओओएम-किल्डची नोंदही बघावी. प्रोग्रॅम पोरं-प्रोसेस काढत असेल आणि ती मागे झॉम्बी होऊन राहत असतील तर 'डॉकर रन'ला '--इनिट' द्या. मग एक छोटासा इनिट पीआयडी १ होतो, सिग्नल पुढे पोचवतो आणि मेलेल्या पोरांची नोंद आवरतो.

आता हँडलरच्या आत काय लिहायचं. इथे बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी डेटाबेसचं कनेक्शन बंद करतात, कारण 'आवरायचं' म्हटलं की तेच आठवतं. मग आत चालू असलेल्या विनंत्या हवेत लोंबकळतात. आधी नवी विनंती घेणं थांबवा, हे अर्धं शटर. मग आत असलेल्या विनंत्या पूर्ण होऊ द्या. पाठीमागे रांगेतून कामं उचलणारा वर्कर असेल तर त्यानं नवं काम उचलू नये, हातातलं संपवावं. नाही जमलं तर रांगेला परत द्यावं. 'झालं' ही पोच रांगेला काम झाल्यावरच द्यायची, उचलताना नाही. डेटाबेस अगदी शेवटी. गो भाषेत एचटीटीपी सर्व्हरचं 'शटडाउन' २०१७ मध्ये आलेल्या १.८ पासून आहे, तर जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये २.३ पासून एका सेटिंगवर हे होतं. तयार चाकं असताना स्वतःची बनवू नका. पायथनमध्ये 'फायनली'वर (काही बिघडलं तरी शेवटी चालणारा भाग) आणि 'अ‍ॅटएक्झिट'वर (प्रोग्रॅम बंद होताना चालणारं काम) विसंबू नका, सिगटर्म धरलाच नसेल तर दोन्हींपर्यंत गाडी पोचत नाही. आणि कितीही नीट लिहिलंत तरी कधीतरी वीज जाणार आहे. म्हणून पैशाच्या प्रत्येक व्यवहाराला आधी एक क्रमांक देऊन 'सुरू' अशी नोंद करा आणि मगच पेमेंटवाल्यांकडे जा. आमच्याकडे ती एक ओळ असती तर त्या चार-पाच जणांचा छडा दोन मिनिटांत लागला असता. आम्ही रात्री दहापर्यंत बँकेच्या एसएमएसचे फोटो जुळवत होतो.

वेळेचा हिशेब कागदावर करा. आमचा कोड पेमेंटच्या उत्तराची २५ सेकंद वाट बघायचा आणि डॉकर १० सेकंदांत मारायचा. हे दोन आकडे कधी एका पानावर आले नव्हते. सगळ्यात लांब विनंती किती वेळ घेते ते बघा, त्यावर आवरासावरीची थोडी सेकंदं घाला आणि तेवढी मुदत 'डॉकर स्टॉप'ला '-टी'नं किंवा कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एका फाइलवरून चालवणाऱ्या डॉकरच्या साधनात) 'स्टॉप ग्रेस पीरियड'नं द्या. कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी व्यवस्था) मुळात ३० सेकंद देतो, पण त्यात 'प्री-स्टॉप'चा, म्हणजे सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या कामाचा, वेळही धरलेला असतो. तिथे आणखी एक मेख आहे: पॉडला (तिथल्या कंटेनरांच्या गटाला) सिगटर्म देणं आणि त्याला वाहतुकीच्या यादीतून काढणं ही कामं एकाच वेळी सुरू होतात. म्हणजे शटर ओढल्यावरही थोडा वेळ गिऱ्हाईक दारात येतच राहतं. म्हणून 'प्री-स्टॉप'मध्ये चार-पाच सेकंद नुसतं झोपायचं. दिसायला अडाणी वाटतं, पण चालतं.

तयार डेटाबेस आणि सर्व्हरच्या इमेजमध्ये (ज्यावरून कंटेनर उभा होतो त्या साच्यात) फार ढवळाढवळ करू नका. पोस्टग्रेसला सिगटर्म मिळाला तर तो सगळी कनेक्शनं आपणहून सुटायची वाट बघत बसतो, म्हणून त्याच्या अधिकृत इमेजमध्ये थांबायचा सिग्नल सिगइंट (कंट्रोल-सीचाच सिग्नल) ठेवलाय. एनजिनएक्स या वेब सर्व्हरसाठी तो सिगक्विट आहे. त्यावरून स्वतःची इमेज बांधताना वेगळा 'स्टॉपसिग्नल' लिहून ठेवलात तर हे शहाणपण पुसलं जातं.

टेस्टसाठी कोडमधून कंटेनर उभे करणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे कंटेनर जपायचे नसतात, ते मागे उरू नयेत हे बघायचं असतं. जिथे सुरू केला तिथेच 'ट्राय' आणि 'फायनली'त थांबवणं आणि काढणं लिहा. प्रत्येकावर लेबल लावा, म्हणजे पुढच्या वेळी टेस्ट सुरू होताना आदल्या खेपेचे अनाथ कंटेनर हुडकून काढता येतील. शेवटी झाडू मारण्यापेक्षा सुरुवातीला मारलेला भरवशाचा, कारण शेवट येतोच असं नाही. कोणीतरी डिबगरमध्ये असताना लॅपटॉप मिटून घरी जातं. टेस्टकंटेनर्स (टेस्टसाठी कंटेनर उभे करणारी तयार लायब्ररी) वापरत असाल तर हेच काम त्यातला रायुक नावाचा कंटेनर करतो: तुमच्या प्रोग्रॅमशी असलेलं त्याचं कनेक्शन तुटलं की तो मागचं सगळं काढतो. पोर्ट ठरावीक देऊ नका, डॉकरला निवडू द्या. '--आरएम' (थांबताच कंटेनर काढून टाकणारा पर्याय) सोयीचा खरा, पण कंटेनरबरोबर त्याचे लॉगही जातात, आणि टेस्ट नेमकी का पडली ते लॉगमध्येच असतं. आधी लॉग फाइलमध्ये उतरवा, मग काढा.

उरलेलं पटकन. 'ऑलवेज' ही रीस्टार्टची नीती लावलेला कंटेनर तुम्ही हातानं थांबवला तरी डॉकर डीमन (पाठीमागे चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम) पुन्हा सुरू झाला की उठून बसतो. 'अनलेस-स्टॉप्ड' बसत नाही. कंपोजमध्ये नुसतं 'डिपेंड्स ऑन' लिहिलं तर डेटाबेस सुरू झाला एवढंच बघितलं जातं, तयार झाला का ते नाही. त्यासाठी हेल्थचेक (तयार आहे का ते तपासणारी आज्ञा) आणि त्याची अट दोन्ही लिहा. डॉकरच्या नेहमीच्या लॉग फाइलला मुळात मर्यादा नसते, ती घाला. पायथनचं आउटपुट बफर न होता लगेच बाहेर येईल असं करा, नाहीतर मरतानाचे शब्द आतच राहतात. आणि सर्व्हरवर 'प्रून' (वापरात नसलेलं सगळं पुसणारी आज्ञा) चालवण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी कमांड वाचून दाखवा. यावर मी जास्त बोलणार नाही.

शेवटी रंगीत तालीम. हुबेहूब सर्व्हरसारख्या मशीनवर साइटवर खोट्या ऑर्डरींचा मारा सुरू ठेवा आणि मध्येच 'डॉकर स्टॉप' मारा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. दिलेली मुदत (मुळात दहा सेकंद) बरोबर संपतानाच बंद झाला तर समजा सिग्नल बहुधा पोचला नाही किंवा कोणी धरला नाही. मग एक्झिट कोड बघा आणि पाठवलेल्या ऑर्डरी नि लिहिलेल्या ऑर्डरी मोजा. हे तीनदा करा, एकदा तर पेमेंटचं उत्तर मुद्दाम उशिरा येईल असं करून. आमच्याकडे यंदा तिसऱ्या वेळी एक ऑर्डर कमी भरली. वर्कर काम उचलतानाच पोच देत होता. दिवाळीला अजून बारा दिवस होते.