टोळांची पिल्लं अडवायची सायप्रसवाली पद्धत, आपल्या वावरात कशी करायची

टोळधाड म्हटलं की आपल्याकडे थाळ्या, डबे, डीजे सगळं बाहेर निघतं, २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडे टोळ आले तेव्हापण तेच चाललं होतं, पण आवाजाने थवा मरत नाही, तुमच्या वावरातून उठतो आणि शेजारच्याच्या कपाशीत बसतो. मारायचं तर पंख फुटायच्या आधी.

इंग्रजांनी १८७८ ला सायप्रस घेतलं तेव्हा तिथे टोळांचा उच्छाद होता. सरकार अंडी विकत घ्यायचं, लोक खणून आणायचे, पण खरं काम केलं ते मातेई नावाच्या तिथल्याच जमीनदाराच्या पडद्यांनी, १८८० नंतर सरकारने मैलोनमैल लावले.

पिल्लांना उडता येत नाही, घोळका करून एकाच दिशेने चालत सुटतात, तर त्यांच्या वाटेत आडवा पडदा ताणायचा, उंची दोन-तीन फूट पुरे. निवडणुकीचे जुने फ्लेक्स गावात ढिगाने पडलेत, तेच वापरा (कुठेतरी कामाला येऊ द्या). खालची कड मातीत दाबा नाहीतर खालून निघून जातात. वरच्या कडेला गुळगुळीत पट्टी हवी, सायप्रसमध्ये मेणकापड होतं, आपल्याकडे केळी-टरबुजाचा मल्चिंग पेपर आहेच. पिल्लू चढतं, पट्टीवरून घसरून खाली पडतं, मग पडद्याच्या कडेकडेने चालायला लागतं. तिथे थोड्या थोड्या अंतरावर, पडद्याला काटकोनात खोल खड्डे घ्यायचे. खड्ड्याच्या तोंडाला ते लोक जस्ताचा पत्रा लावायचे म्हणजे पडलेलं वर येत नाही, गुळगुळीत पत्र्याचा कुठलाही तुकडा चालेल. खड्डा भरत आला की माती लोटून तुडवायची, नवा खणायचा.

अंडी शोधायची तर ओलसर वाळूत, म्हणजे तापी-गिरणेच्या काठाला, काळ्या चिकण मातीत उगाच खणत बसू नका. साधारण दोन आठवड्यांत फुटतात, त्यामुळे थवा बसून गेला तर जागा लक्षात ठेवा.

उडते टोळ आलेच तर दुपारी पंप घेऊन पळण्यात अर्थ नाही, ते संध्याकाळी झाडावर बसतात, रात्री किंवा पहाटे ऊन तापायच्या आत फवारा, आणि औषध कृषी सहायकाला विचारूनच घ्या. निंबोळी अर्क ५ टक्के आधीच मारून ठेवला तर पीक कमी खातात. फवारलेले टोळ कोंबड्यांना अजिबात खाऊ देऊ नका.