रबिंगला हात घालण्याआधी: पॅड आणि कंपाउंड निवडताना या चुका टाळा

दसरा झाला की आठवडाभर माझ्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या येतात. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असतं, झेंडूच्या हाराची तार पत्र्याला घासलेली असते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते सगळं कोरड्या फडक्यानं पुसलेलं असतं. उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे चमकतात. मालक म्हणतात, "दादा, एकदाच कडक कंपाउंड मारा, विषय संपवा."

हीच सगळ्यात महागडी चूक. कंपाउंड म्हणजे घासणाऱ्या कणांची पेस्ट, आणि ती मशीनवरच्या पॅडनं गाडीवर घासणं म्हणजे रबिंग. कंपनीतून आलेल्या गाडीवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण 40 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. रबिंगमध्ये ओरखडा भरला जात नाही. त्याच्या तळाला पोचेपर्यंत आजूबाजूचा क्लिअर घासून खाली आणावा लागतो. घासलेला थर परत उगवत नाही, आणि उन्हापासून रंगाला जपणारा थरही तोच आहे. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पूर्ण काढायच्या नादाला लागू नका, फक्त त्याच्या कडा मऊ करा.

पॅड आणि कंपाउंड ही जोडी आहे, हे ज्याला उमगलं त्याचं अर्धं काम झालं. एकच कंपाउंड लोकरीच्या बफवर दणकून कापतं, मायक्रोफायबरवर त्याहून जरा कमी आणि मऊ फोमवर अगदी बेताचं. म्हणून मी आधी दीड-दोन फुटांच्या चौकोनात चाचणी घेतो: मऊ फोम आणि बारीक पॉलिश (कंपाउंडपेक्षा बारीक कणांची पेस्ट). ओरखडे राहिले तर पॉलिश तेच ठेवून पॅड कडक घेतो. तेवढ्यानं भागलं नाही तरच कंपाउंडला हात लावतो. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशानं पडला ते कळतच नाही.

आता रंगाची गोष्ट, कारण इथे भलेभले फसतात. पॅडच्या रंगाला सगळ्या कंपन्यांत मिळून एक नियम नाही. रूपेसचा निळा फोम सगळ्यात जास्त कापणारा, तर थ्रीएमच्या परफेक्ट-इट मालिकेतला निळा सगळ्यात शेवटच्या, बारीक फिनिशिंगचा. मेग्वायर्समध्ये कापायला मरून, पॉलिशला पिवळा आणि फिनिशिंगला काळा. दुकानात "निळा पॅड द्या" म्हणालात आणि हाती दुसऱ्याच कंपनीचा आला, तर काम नेमकं उलटं होतं. रंग बाजूला ठेवा. पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग लिहिलंय ते वाचा आणि फोम अंगठ्यानं दाबून पाहा.

काळ्या गाडीच्या बॉनेटवर मी सुरुवातीच्या काळात रोटरीवर (जागच्या जागी नुसतं गोल फिरणारं मशीन) लोकरीचा बफ फिरवला होता. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली आरशासारखं दिसलं. सकाळी गाडी नाशिकच्या गंगापूर रोडवर उन्हात काढली आणि बॉनेटभर पंख्यासारखे लाटांचे पट्टे उमटलेले. होलोग्राम म्हणतात ते हेच. लोकर वाईट नाही, पण तिच्यामागून डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता थरथरणाऱ्या) मशीनवर फोम आणि बारीक पॉलिशचा हात द्यावाच लागतो. तेव्हापासून प्रत्येक पॅनल एलईडी टॉर्च तिरका धरून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

काम चालू असताना गाडी स्वतःच सांगत असते. कंपाउंडची पांढरी धूळ उडतेय? एक तर पॅड कोरडा आहे, नाही तर पत्रा तापलाय. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हातल्या बॉनेटवर कंपाउंड मिनिटात वाळतं. सावलीत, सकाळी लवकर काम करा. पॅड उड्या मारतोय, चिकटतोय? कंपाउंड जास्त झालं. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. डीएवरचा पॅड फक्त थरथरतोय, फिरत नाही? दाब जास्त आहे किंवा मशीन तिरकं धरलंय. बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतो त्या तबकडीच्या) कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवा, म्हणजे फिरणं डोळ्यांना दिसतं. पॅडला गाडीचा रंग लागू लागला आणि गाडीवर क्लिअर कोट असेल, तर त्या क्षणी थांबा. जुन्या, क्लिअर नसलेल्या रंगाच्या गाडीत मात्र पॅड रंगणारच.

कडा, दाराच्या धारा आणि बॉडी लाइनवर रंग आधीच पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावा. प्लास्टिकच्या बंपरमधून उष्णता लवकर बाहेर जात नाही, त्यामुळे मशीनचा वेग कमी ठेवा.

एका पॅडवर दोन कंपाउंड कधीही नको. जाड कण फोममध्ये दडून राहतात आणि फिनिशिंगच्या वेळी नवे ओरखडे पाडतात. पूर्ण गाडीला एकाच पॅडवर रेटणंही तसंच. फोम भिजून तापतो आणि कापणं थांबतं. दर पॅनलनंतर ब्रशनं झाडा, दोन-तीन पॅनलनंतर पॅड बदला.

गाडी चकाचक झाली आणि दोन धुण्यांत ओरखडे परत आले, तर ते गेलेच नव्हते. काही पॉलिशमधलं तेल आणि फिलर त्यांना झाकतात. चाचणीचा चौकोन पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मगच खरं काय ते दिसेल.

आणि प्रत्येक डागाला मशीन लागत नाही. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी, पिंपळगावकडून येणाऱ्या गाड्यांवर निळसर पांढरे ठिपके असतात. बागेत डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं बोर्डो मिश्रण उडून बसतं, मोरचूद आणि चुन्याचं. लोक ते थेट कंपाउंडनं घासतात आणि चुन्याचे कण क्लिअरवर फिरवतात. आधी भरपूर पाण्यानं धुवा. मग पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, सावलीत, दोन-तीन मिनिटं ठेवा आणि शाम्पूनं स्वच्छ करा. बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या ठिपक्यांनाही हाच उपाय आधी करून पाहा. गेल्या हंगामात अशा एका पांढऱ्या बोलेरोला मी मशीन लावलंच नाही. बादली, व्हिनेगर आणि तीन मायक्रोफायबर कापडं, एवढ्यातच काम झालं.