एकल पियानोवादन: रचना निवडताना

सांगलीचा श्रोता नाट्यसंगीतावर वाढलेला. सलग तीन संथ रचना ऐकवल्या तर तो चुळबुळणारच. संगीतकार बदलले म्हणजे वैविध्य आलं, असंही नाही. बाखचा सी मेजर पट्टीतला प्रेल्यूड (छोटी प्रास्ताविक रचना) आणि मोझार्टचा १७८८ चा सोपा म्हणवला जाणारा सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) लागोपाठ ठेवलात, तर दोन्ही एकाच पट्टीत! मध्ये शोपँचं ई फ्लॅट मेजर पट्टीतलं नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ रचना) घाला: पट्टी बदलते, डावा हात झुलायला लागतो, सूर लांबवणारं पेडलही सढळ वापरता येतं. शेवटाला बार्टोकची १९१५ ची रुमानियन लोकनृत्यं झकास. सहा छोटे तुकडे, मिळून पाच-सहा मिनिटं, अखेरचे चांगलेच धावते. तिसरं मात्र संथ आणि हळवं आहे, ते उरकू नका. टाळ्यांसाठी उगाच अवघड काही घेण्यापेक्षा हे बरं. क्रम ठरला की सगळं न थांबता वाजवा आणि किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा.